रिळाच्या शेवटचे एक्केचाळीस सेकंद

बाविसाव्या वर्षी माझा आवाज इतका चिरका होता हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. सकाळी आठ-दहाची गाडी, टोकियोतल्या कसाई स्टेशनवरून चढलो, दाराशी उभा. एका बाजूने कुणाची तरी सॅक बरगडीत रुतलेली, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, त्यांनी केसांना काहीतरी गोडसर चोपडलेलं, पिकून काळ्या पडलेल्या केळ्याच्या वासाचं, आणि ते डोकं बरोबर माझ्या नाकाखाली. कानात कुसाकाबे-साननी पाठवलेली, आमच्या जुन्या टेपची फाइल. मी ती लावली ती मोठ्या कौतुकाने, खोटं कशाला बोलू. आधी आमोसच्या गिटारचा शेवटचा सूर विरत गेला, मग कुकरची शिट्टी, मग एकदम इतक्या जवळून आईचा आवाज आला की मी मान वळवून बघितलं. "अरे श्री, आमोसच्या कपाचं काय करू? विसळून आत घेऊ का?" आणि मग तो चिरका, नाकातला, लाडावलेला आवाज. "आत कशाला? विसळू नको गं. टाकून दे तो." त्यावर एक हसू. खिक् करून. ते हसू माझं आहे हे कळायला मला एक अख्खं स्टेशन लागलं, आणि कळल्यावर पोटातून असं काही वर आलं की मोंझेन-नाकाचोला दार उघडल्याबरोबर मी त्या केळंवाल्याला ढकलून बाहेर पडलो. फलाटावरच्या स्वच्छतागृहात सकाळी खाल्लेला टोस्ट ओकून टाकला. वर भिंतीवर पाटी होती, सगळ्यांनी ही जागा स्वच्छ ठेवल्याबद्दल आभार. कपाळ माझं.

नीटच सांगतो, नाहीतर मी का ओकलो ते कळायचं नाही. आमोस रणपिसे हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. पुण्यात तीनशे-साडेतीनशे माणसांनी ऐकलं असेल, तेही चर्चच्या आवारात. गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याच्या नावावर दोन कॅसेटी, 'उपासनेनंतर' आणि 'मीठ', रविवारी उपासना संपली की दाराशी टेबल टाकून विकलेल्या, आणि माझ्या काकांच्या जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरवर आम्ही केलेली अकरा रिळं. बस, एवढंच त्याचं काम. घरात लहानपणापासून पेटीवरची ख्रिस्ती भजनं, बाप चर्चच्या मंडळीत गाणं सांगायचा; आणि याने कुठूनतरी मिळवलेल्या अमेरिकन कॅसेटी ऐकून ऐकून ती भजनं विजेच्या गिटारवर चढवली. ॲम्प्लिफायर म्हणजे चर्चमधला मोडका कर्णा. तो सुरुवात करायचा खाली मान घालून, प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा, अगदी हलक्या आवाजात एक ओळ म्हणायची, थांबायचं, आणि मग गिटारने त्या ओळीला उलट उत्तर द्यायचं, खरखरीत, भांडकुदळ. त्याचं सगळ्यात मोठं गाणं 'लाजरा, ऊठ'. साडेनऊ मिनिटांचं. त्यात गिटार लाजराला चार वेळा हाक मारते, प्रत्येक वेळी वरच्या सुरात, आणि लाजर काही उठत नाही, गाणं तसंच संपतं. मी एकदा म्हटलं, अरे, तुमच्या पुस्तकात येशूने हाक मारल्यावर तो उठतो ना? तर म्हणाला, "उठतो रे. पण आधी चार दिवस मेलेला असतो, ते कोणी गात नाही." मी मागे बसून ढँगढँग कॉर्ड वाजवायचो. माझ्याशिवाय त्याचं काहीही अडलं नसतं. टेपरेकॉर्डर आमचा होता म्हणून मी बँडमध्ये होतो, ही गोष्ट त्याने मला कधी जाणवू दिली नाही. मला ती जाणवायला पन्नाशी उलटावी लागली.

मी एकोणीस वर्षं टोकियोत आहे, एका बँकेच्या सिस्टिमवर काम करतो, कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आमोस गेला त्याला आठ वर्षं झाली. त्याची मुलगी अबोली सेंदाईला डॉक्टरेट करते, धातूंवरचं काहीतरी, आणि येताना पोरीने ती अकरा रिळं कपड्यांत गुंडाळून आणली होती. तिच्या लॅबमधल्या कुणीतरी कुसाकाबे-सानशी गाठ घालून दिली. हा गृहस्थ कोएन्जीला एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत बसतो आणि जगभरातले विसरलेले वादक शोधून त्यांच्या तबकड्या काढतो, प्रत्येकी पाचशे प्रती, जाड कागदाची पुस्तिका, सगळं देवघरात ठेवावं असं. त्याला पुस्तिकेसाठी लेख हवा होता. अबोलीने माझं नाव सांगितलं, "बाबांबरोबर वाजवणारे काका." मी आठ दिवसांत लेख दिला. आणि त्या लेखात अर्थातच कप होता.

कपाची गोष्ट अशी. आमचं घर कर्वे रोडजवळ तिसऱ्या मजल्यावर. आमोस दुपारी रेकॉर्डिंगला यायचा. त्याच्या घराण्याला ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झालेल्या, पण आमच्या सोसायटीत माणसं त्या तीन पिढ्यांच्याही मागचं मोजायची. तर माझ्या आईने त्याचा कप वेगळा ठेवायला काढला, आणि मी आईशी कडाडून भांडलो, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याच कपात चहा ओतून घेऊन प्यायलो. ही गोष्ट. हजारदा सांगितली असेल. कल्पनाला बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी मांडीवर ठेवून सांगितली. तिचे वडील जुने समाजवादी, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाले, मुलगा आपल्यातला आहे. लग्न तिथेच ठरलं. इथल्या मंडळाच्या गणेशोत्सवात स्टेजवरून सांगितली, टाळ्या पडल्या, एका बाईंनी पुढे येऊन माझा हात हातात घेतला. सांगताना माझा आवाज बरोबर कुठे जड होतो तेही मला माहीत आहे. आणि कल्पना पंचवीस वर्षं माझ्या आईशी जरा तुटकच वागते. उद्धट नाही, व्यवस्थित वागते, पण पाहुण्यासारखी. तिने मला एकदा सांगितलं होतं, "त्यांनी मला कितीही साड्या दिल्या ना, तरी मला तो कप दिसतो."

फलाटावर बाकावर बसून कुसाकाबे-सानची मेल वाचली. हा माणूस कामाला इतका चोख आहे की चीड येते. त्याने प्रत्येक रिळाचा तक्ता केलाय, कुठल्या मिनिटाला हॉर्न, कुठे कावळा, कुठे खुर्ची सरकली. चौथ्या रिळाच्या शेवटी गाणं संपल्यावर टेप तशीच चालू राहिली होती, वर नुसती खरखर. ती त्याने धुऊन काढली तर खालून माणसं बोलताना सापडली. त्याला मराठी येत नाही. पण एक बाई आणि तरुण मुलगा बोलतायत, आणि दोघांत 'कप' हा शब्द तर स्पष्ट आहे. माझा लेख त्याला पाठ. 'श्रीहरी-सान,' त्याने लिहिलं होतं, 'माझे हात थरथरत आहेत. तुम्ही लिहिलेला तो प्रसंग प्रत्यक्ष टेपवर आहे असं मला वाटतं. परवानगी असेल तर तबकडीचा शेवट यानेच करावा अशी इच्छा आहे. सोबतच्या पत्रकावर कृपया बोलणाऱ्यांची नावं, मूळ शब्द आणि अर्थ भरून द्यावा. शनिवारी अबोली-सान सेंदाईहून येत आहेत, तेव्हा तिघांनी मिळून अंतिम तपासणी करू.' अबोलीला मराठी येतं. सेंदाईपासून कसाईपर्यंत या रिळांशी संबंध असलेली मराठी येणारी माणसं दोनच, ती आणि मी.

तिथे बसल्या बसल्या मी स्वतःला समजवायला लागलो, वकिलासारखा. ते वेगळ्या दिवशीचं असेल. नंतर मी सुधारलो असेन, आणि भांडण पुढच्या आठवड्यात झालं असेल. मग मी त्या भांडणाचा दिवस शोधायला लागलो आणि मला तो सापडेना. आई कुठे उभी होती? मी नेमकं काय बोललो? चहाची चव? काही नाही. मला आठवत होतं ते फक्त सांगणं. पोह्यांची बशी आठवत होती, सासऱ्यांचा चष्मा आठवत होता, स्टेजवरचा माइक आठवत होता, पण ते स्वयंपाकघर काही केल्या आठवेना. आणि जे खरंच झालं ते, आता आवाज ऐकल्यावर, भसाभसा आठवत होतं. ओट्याशी उभी आई, ओल्या हातात निळ्या फुलांचा कप, मी दाराच्या चौकटीला टेकलेलो. आमोस सिगरेट आणायला खाली गेला होता, अशी माझी समजूत. आणि मी ते का बोललो? रागाने नाही, द्वेषाने नाही. तसं असतं तर निदान बरं वाटलं असतं. त्या मुलाबरोबर मी चार तास मांडीला मांडी लावून बसायचो, त्याच्या बोटांकडे बघून पागल व्हायचो, आणि तरी उठून आत गेल्यावर तोंडातून सहज निघालं, केस कंगव्यातून काढून फेकावेत तसं. शी! आईने विचारलं होतं आत घेऊ का. आई आत घ्यायला तयार होती. तिला काय, कप महत्त्वाचा.

ऑफिसला पाऊण तास उशिरा पोचलो. 'गाडीत बरं वाटलं नाही' म्हटल्यावर शेजारच्या मोरिता-सानने न विचारता ड्रॉवरमधून पोटाच्या औषधाची पुडी काढून दिली, ती चिकट गोड पावडर पाण्याबरोबर घेतली. दिवसभर स्क्रीनकडे बघत होतो. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन आईला फोन लावला. पुण्यात सकाळचे नऊ वाजलेले. ती आता एक्याऐंशीची, भावाकडे असते, ऐकू व्यवस्थित येतं. म्हटलं, आई, तुला आमोस आठवतो?

"न आठवायला काय झालं? गायचा तो. दात काय सुंदर होते त्याचे."

"त्याचा एक कप होता बघ, वेगळा..."

"वेगळा कुठला? माझ्या माहेरच्या सेटमधला, निळ्या फुलांचा. सहाचे पाच झाले तुझ्यापायी. तू म्हणालास, टाकून दे."

"मी म्हणालो?"

"मग काय मी? चांगला धडधाकट कप, टाकतं का कोणी! रेखाला दिला, भांडी घासायला यायची ती. तिने मेलीने वर्षभर वापरला तो, आमच्याच गॅलरीत बसून चहा प्यायची त्यातून. आता हे कुठून मध्येच?"

"काही नाही, सहज."

"बरं. कल्पना कशी आहे? तिला म्हणावं कधीतरी फोन कर गं. मी काही चावत नाही."

मी जिन्यात उभा राहिलो. ही बाई धुतल्या तांदळासारखी होती असं माझं म्हणणं नाही. कप आत घेऊ का हे विचारायची वेळ तिच्यावर का आली, तेही आहेच. पण तिने निदान आपण काय केलं ते जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं. मी तिच्या तोंडात माझं वाक्य कोंबलं आणि तिचं वाक्य मी घेतलं, आणि तिला पत्ताही नाही. पंचवीस वर्षं ती विचारते आहे, कल्पना फोन का करत नाही.

मला वाटलं होतं की आता मी सरळ वागेन. इतकी किळस आल्यावर माणूस सरळ वागतो, असा आपला एक भाबडा समज असतो. संध्याकाळी सातला घरी आलो, कल्पना टेबलाशी बसून माझ्या लेखाचं जपानी भाषांतर वाचत होती. तिला माझ्यापेक्षा चांगलं जपानी येतं, शाळेत दुभाषी म्हणून जाते. म्हणाली, "फार छान केलंय रे त्यांनी. कपाचा भाग तर... मूळ मराठीपेक्षा चांगला झालाय." आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताखाली माझं अंग आक्रसलं, तिला वाटलं दमलोय. जेवणात पिठलं होतं, पिवळं, लिबलिबीत, ताटात थरथरणारं. तीन घास खाऊन उठलो, लॅपटॉप उघडला, कुसाकाबे-सानचं पत्रक काढलं आणि भरलं. बोलणारी व्यक्ती एक: सुप्रभा, श्रीहरी यांची आई. अर्थ: 'त्या मुलाचा कप बाहेर ठेव.' बोलणारी व्यक्ती दोन: श्रीहरी. अर्थ: 'नाही आई, मी त्याच कपातून पिणार.' मूळ शब्दांच्या रकान्यात लिहिलं, आवाज अस्पष्ट, नीट कळत नाही. खाली टीप टाकली की हा भाग तांत्रिकदृष्ट्या फार खराब असल्याने शक्यतो वगळावा अशी नम्र सूचना. पाठवलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. हात जरासुद्धा थरथरले नाहीत. भांडी घासताना कल्पना काहीतरी गुणगुणत होती आणि मी तिला म्हटलं, "मी कचरा नेऊन ठेवतो," आणि उद्या कुठला कचरा आहे तेसुद्धा बघितलं, जळणारा की न जळणारा. तेवढं सगळं नीट सुचत होतं मला.

कुसाकाबे-सानचं उत्तर लगेच आलं. सूचनेबद्दल आभार. पण आवाज खराब आहे यात काहीच अडचण नाही, उलट तोच तर त्या जागेचा श्वास आहे. शिवाय शेवटच्या काही सेकंदांत अबोली-सानसाठी एक गोष्ट आहे, ती त्यांनी आपल्या कानांनी ऐकावी, म्हणून आत्ता सांगत नाही. शेवटचे काही सेकंद? मी त्या हसण्याच्या पुढे ऐकलंच नव्हतं. शनिवारपर्यंत चार वेळा लावली असेल फाइल, आणि चारही वेळा ते खिक् आलं की अंगठा आपोआप बंदच्या बटणावर जायचा.

शनिवारी अकराला कोएन्जी. खालच्या लाँड्रीतून साबणाची गरम वाफ वर येत होती, दमट, गोड, कुणाकुणाच्या अंगावरच्या कपड्यांची. खोलीत छतापर्यंत तबकड्या. अबोली आधीच आलेली, सॅक पायाशी, सेंदाईच्या मिठाईचा व्यवस्थित बांधलेला खोका कुसाकाबे-सानच्या पुढ्यात. अठ्ठावीस वर्षांची आहे, बुटकी, शांत, समोरच्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत थांबणारी. मला बघून उठली.

"काका, तुमचा लेख वाचल्यावर मी आईला फोन केला. बाबांनी ती कपाची गोष्ट आम्हाला कधी सांगितलीच नाही. आईलाही माहीत नव्हती."

"तो असल्या गोष्टी सांगत बसणारा नव्हता गं," मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो. म्हणताना आवाज जिथे जड व्हायचा तिथे झालासुद्धा. माझ्या गळ्याला लाज नाही.

कुसाकाबे-साननी तिच्या हातात माझं पत्रक दिलं, छापून काढलेलं, आणि हेडफोन दिले. माझ्याकडे तेव्हा चांगलं अर्धं मिनिट होतं. अबोली, थांब, एवढं म्हणायचं. मी गाडीत ते घोकलंही होतं. प्रत्यक्षात काय म्हणालो, तर "आवाज जरा खराबच आहे हं." तिने मान हलवली, कागदावर पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि कुसाकाबे-साननी बटण दाबलं. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. बोट पहिल्या ओळीवरून दुसरीवर गेलं आणि तिथेच थांबलं. तिने वर बघितलं नाही. मग काही वेळ काहीच नाही, आणि मग एकदम तिचा चेहरा उघडला, लहान मुलाचा उघडतो तसा, तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. कुसाकाबे-सान हसून तिच्याकडे बघत होते. तिने बोटाने खूण केली, पुन्हा. दुसऱ्यांदा ऐकताना तिने कागदाकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं. संपल्यावर हेडफोन काढले आणि माझ्यापुढे धरले.

"काका, तुम्ही ऐका. पूर्ण."

मी ऐकलं. आई. मी. खिक्. मग सहा सेकंद नुसती शांतता, इतकी स्वच्छ धुतलेली की तिच्यात कुकरची वाफ ऐकू येत होती. मग एक तार. माइकच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर, कोणीतरी खालची तार हळूहळू पिळून सुरात आणत होतं, घाई नाही, एकदा जास्त झाली म्हणून परत उतरवली, पुन्हा चढवली. आणि मग आमोसचा आवाज, गाण्यातला नाही, रोजचा: "श्री, ये. टेप चालूच आहे." यात राग नव्हता. जेवायला बोलवावं तसं म्हणाला तो. सिगरेट आणायला खाली-बिली कोणी गेलं नव्हतं. तो त्या सतरंजीवर बसलेला होता, स्वयंपाकघराच्या दारापासून आठ फुटांवर, आणि गाणं संपल्यापासून मी बोलेपर्यंत त्याने गिटारला हात लावला नव्हता.

"हे पान चुकीचं आहे," अबोली मराठीत म्हणाली. कुसाकाबे-सान आमच्याकडे आळीपाळीने बघायला लागले.

"तो भाग काढूनच टाकू या," मी म्हणालो. "अबोली, ऐक, कोण कशाला..."

"नाही. अकरा रिळांत बाबा एवढंच बोललेत. बाकी सगळं गाणं आहे. माझ्याकडे त्यांच्या बोलण्याचं दुसरं काहीच नाही, काका. हे राहणार. आणि त्याच्या आधीचंही राहणार, नाहीतर ते टेप चालू असल्याचं का सांगतायत ते कळणार नाही." तिने पत्रक माझ्याकडे सरकवलं. "मी नाही सांगणार त्यांना. तुम्ही सांगा."

मग मी सांगितलं. परक्या भाषेत स्वतःचं वाक्य सांगताना एक होतं, लाडीगोडी करायला जागा राहत नाही. आई विचारते आहे, कप धुऊन आत घेऊ का. मी म्हणतो आहे, धुऊ नकोस, टाकून दे. मग मी हसतो. कुसाकाबे-सानना कळेना. त्यांनी माझा लेख पुढे ओढला, ओळीवर बोट ठेवलं, पण इथे तर, म्हणाले. "इथे लिहिलंय ते खोटं आहे. ते आई नव्हती, मी होतो." त्यांनी दातांतून हवा आत ओढली. रागावले नाहीत, रागावले असते तर मी उपकार मानले असते. ड्रॉवरमधून पोलादी पट्टी काढली. इथे अशा कागदावरचं काही खोडरबराने पुसत नाहीत, पांढरं लावून झाकत नाहीत. पट्टी धरून चुकीच्या ओळीवर दोन सरळ रेघा मारायच्या, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर ते लिहायचं, आणि ज्याने चूक केली त्याने कडेला शिक्का मारायचा. आधी आईच्या नावाने लिहिलेल्या ओळीवर, मग 'मी त्याच कपातून पिणार' या ओळीवर त्यांनी दोन बारीक रेघा ओढल्या. ओळ स्पष्ट वाचता येत होती. पुस्तिकेत आता हेच छापलं जाणार, ती घरी येणार, कल्पना वाचणार, तिला जपानी माझ्यापेक्षा चांगलं येतं. आईला कोण वाचून दाखवणार, तर तेही मीच.

मी खिशातून शिक्का काढला. बँकेच्या कामासाठी बाळगतो, माझं नाव जपानी अक्षरांत. लाल शाई लावताना मला पुन्हा बोलावंसं वाटलं, इतकं झाल्यावरही. अबोलीकडे न बघता म्हणालो, "पण तो कधी एका शब्दाने बोलला नाही गं. त्यानंतर चार वर्षं येत होता आमच्याकडे. हसायचा, वाजवायचा, आईशी गप्पा मारायचा. फक्त चहा घ्यायचा नाही. म्हणायचा, सोडलाय चहा."

अबोली सॅकची पट्टी खांद्यावर घेत होती, ती थांबली.

"घरी दिवसाला सहा-सात कप व्हायचे त्यांचे, काका. शेवटपर्यंत. आई ओरडायची."

शिक्का उमटला होता, जरा तिरका. कुसाकाबे-साननी तो टिपकागदाने टिपला आणि मला हलक्या आवाजात विचारलं, अबोली-सान आत्ता काय म्हणाल्या, ते या प्रसंगाशी संबंधित आहे का? मी त्यांना तेही भाषांतर करून सांगितलं.